हात माझे, आवाज विजयाचा

संपादकांनी मला धंद्यावर लिहायला सांगितलं. "कॅटरिंगमधले अनुभव लिहा, दिवाळी अंकात लोक आवडीनं वाचतात," असं म्हणाले. मी लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर विजया आली. ते पान फाडलं, दुसरं घेतलं, तर तिथेही विजया. शेवटी म्हटलं, आता तिच्याशी लपाछपी नको. कामाच्या सगळ्या वर्षांत मला दोनच गोष्टी न चुकता जमल्या, एक मसालेभात आणि दुसरी विजयाचा हेवा. मसालेभाताचं कौतुक पुष्कळ झालं. हेव्याबद्दल मी आजवर कोणाजवळ बोलले नव्हते.

रायपूर छत्तीसगढची राजधानी झालं आणि शहराची भूक एकदम वाढली. तोवर माझं काम म्हणजे रेल्वे कॉलनीतली बारशी, गृहप्रवेश आणि निवृत्तीचे निरोप. राजधानी आली तशा बैठका आल्या, कार्यशाळा आल्या, उद्घाटनं आली, आणि जेवणाशिवाय आपल्याकडे कशाचंच उद्घाटन होत नाही. पुढे नवं रायपूर वसलं. रस्ते इतके रुंद की आमच्या टेम्पोला त्यावरून एकट्यानं जाताना संकोच वाटावा. तिथल्या साहेबांचा सकाळपासून एकच घोषा असायचा, "कम नहीं पड़ना चाहिए." आणि जेवायच्या वेळेला हॉल अर्धा रिकामा. ज्यांना बोलावलं त्यांच्याकडे गाडी नाही आणि बसचा पत्ता नाही, तर येणार कसे? जे गाडीनं यायचे ते काकडी, पापड खाऊन डॉक्टरांनी काय काय बंद केलंय ते सांगायचे. राहिलेलं जेवण बघून माझा आचारी बिसाहू डोक्याला हात लावायचा.

बाहेरच्यांना वाटतं, आमचा अंदाज चुकतो म्हणून अन्न उरतं. अंदाज सहसा चुकत नाही. यजमानाला भीती असते म्हणून तो जास्त सांगतो, हे एक कारण. दुसरं कारण धंद्यातले लोक बोलत नाहीत. बहुतेक ठिकाणी वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया, टेम्पोवाला हे सगळे पाहुण्यांनंतर जेवतात, जे उरेल ते. मग आचारी काय करतो? तो उरेल एवढं शिजवतो. आपली माणसं उपाशी राहू नयेत म्हणून तो मूठभर तांदूळ इथे, ओंजळभर डाळ तिथे वाढवत जातो. उरलेल्यावर जेवायचं असलं की आधी उरवावं लागतं. हे मला कोणत्या कार्यशाळेत कळलं नाही, चुलीपाशी उभं राहून कळलं.

म्हणून माझा एक नियम होता. स्वयंपाक झाला की काउंटर मांडायच्या आधी, पाहुण्यांपैकी कोणीही घास घ्यायच्या आधी, काम करणाऱ्यांचं जेवण वेगळं काढायचं. वरवरचं नाही, खालचं करपलेलंही नाही. भात गंजाच्या मधला, भाजी फोडींसकट, आणि गोड वाटीभर, काठोकाठ. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. मग झाकण लावून ते जेवण मागच्या बाजूला ठेवायचं, आणि लोकांनी आळीपाळीनं जेवून घेऊन मग वाढायला उभं राहायचं.

हा नियम मूळ माझ्या बाबांचा. ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. एकदा बंगल्यात कोणा साहेबाच्या मुलीचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी टोपलं भरून बुंदी, पुऱ्या आमच्या क्वार्टरांच्या ओळीत आल्या. फक्त आमच्याच ओळीत. आम्ही भावंडं बुंदीकडे बघत उभी. बाबांनी टोपलं होतं तसं परत पाठवलं. आईला म्हणाले, "उरलं तवा ज्याले आपली आठवण झाली, त्याच्या घरचं आपल्याले नाही पाहिजे. आधी बोलावलं असतं तर जेवलो असतो." आम्ही बौद्ध. उष्ट्याशिळ्यासाठी कोणाच्या दारात जायचं नाही, हे आमच्या घरात पाढ्यांच्याही आधी शिकवत. पण मी लहान होते, मला बुंदी हवी होती आणि बाबांचा राग आला होता. धंदा सुरू केला तेव्हा ते टोपलं आठवलं आणि मी जेवण आधी काढायला लागले.

गिऱ्हाइकांना हे पटवणं सोपं नव्हतं. पंडरीचे एक कापडवाले शेठजी मुलीच्या लग्नात माझ्यावर चांगलेच उखडले. "मेहमान से पहले लेबर खाएगा?"

मी म्हटलं, "शेठजी, भूखा आदमी परोसेगा तो उसकी नजर थाली पर रहेगी, मेहमान पर नहीं."

त्यांना संशय आला की चांगलंचुंगलं मी मागच्या मागे लांबवते. ते तडक मागे आले, कामगारांच्या जेवणातली डाळ वाटीत घेऊन उभ्याउभ्या प्यायले, आणि वाटी पुन्हा पुढे केली. काउंटरवरच्या डाळीत त्यांच्याच सांगण्यावरून मलई ओतलेली होती. ही साधी, चुलीवरून नुकती उतरलेली. त्या लग्नात त्यांचे निम्मे नातेवाईक मागच्या दारानं येऊन "लेबरवाली दाल" मागत होते.

आता विजया. आम्ही दोघींनी डब्यांचा धंदा एकत्र सुरू केला. माझे यजमान बीरगावला कारखान्यात, तिचे सरकारी ऑफिसात. तिचं सासर मूळ अमरावतीकडचं, घरात देवधर्म, सणवार सगळं रीतसर. भाज्या माझ्या, पोळ्या तिच्या. तिची पोळी इतकी पातळ की तोंडात गेल्याचं कळू नये. तिच्या साडीवर कधी हळदीचा डाग पडला नाही. मी मात्र संध्याकाळपर्यंत फोडणीसारखी दिसायचे. माझ्याकडे तक्रार घेऊन आलेला माणूस तक्रार करून जायचा, तिच्याकडे आलेला आणखी एक डबा लावून जायचा. हसायची फक्त.

बरं, तिचा राग करावा तर तीही सोय नव्हती. तिच्या सासूबाई सुरुवातीला मला वेगळ्या कपात चहा देत. कपाचा कान तुटका होता, म्हणून माझ्या लक्षात आलं. विजयाच्याही आलं. एक दिवस तिनं तो कप स्वतःसाठी घेतला, मला दुसरा दिला, आणि सासूबाईंच्या देखत त्या तुटक्या कपातून चहा प्यायली. नंतर तो कप मला त्या घरात दिसला नाही. या गोष्टीचा उल्लेख तिनं कधी केला नाही. अशा बाईचा हेवा करणं किती जड जातं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

पुढे आम्ही गोडीनं वेगळ्या झालो. ती मराठी मंडळींच्या सणासमारंभांकडे आणि पुरणपोळ्यांकडे वळली, मी बीरगावच्या माझ्या शेडमध्ये मोठ्या ऑर्डरी घेऊ लागले. आधी जेवण काढायचा नियम तिनं ठेवला नाही. "एवढं कोण करते व," म्हणायची.

अशात दिल्लीहून नंदिनी आली. तरुण पोरगी, पाठीवर पिशवी, केस कापलेले, बोलायला गोड. वाया जाणाऱ्या अन्नावर माहितीपट काढत होती. माझ्या शेडमध्ये ती दिवसभर बसली. मी तिला सगळं सांगितलं, वर लिहिलंय ते आणि त्याहून जास्त. ती म्हणाली, "दीदी, आप तो हमारी फिल्म की जान हैं." मी त्याच आठवड्यात नवी साडी घेतली. जांभळी. बिसाहूला विचारलं, "कॅमेऱ्यात बरी दिसंल ना रे?" तो म्हणाला, "हव दीदी, बने दिखही." मग नंदिनीनं विचारलं, इथे चांगली पुरणपोळी कुठे मिळेल? आणि मीच, याच तोंडानं, तिला विजयाचा फोन नंबर दिला.

चार-दोन दिवसांनी ती परत आली ती खुशीत. तिच्या सिनेमात प्रत्येक समाजाचा एक चेहरा असायला हवा होता. गुरुद्वाऱ्यातल्या लंगरचे सरदारजी ठरले, बिर्याणीवाले चाचा ठरले, बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, खाणारी छत्तीसगढी म्हातारी ठरली. "और महाराष्ट्रियन घर के लिए विजया जी," ती म्हणाली. "क्या बोलती हैं!"

"और मैं?" मी विचारलं.

"आप तो सबसे जरूरी हैं, दीदी. आप दूसरी तरफ से आएँगी." म्हणजे कुठून, तर उरलेलं अन्न वाटणारी एक गाडी बीरगावात यायची, तिच्यासमोर मी उभं राहायचं. पाकीट हातात घ्यायचं आणि लहानपणी लग्नघरचं उरलेलं जेवण आलं की कसं वाटायचं, ते सांगायचं. "आपके समाज की आवाज आनी चाहिए," ती मनापासून म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, ते मला तेव्हाही दिसत होतं.

"मराठी तर मीपण आहे," मी म्हटलं. घाईत मराठीतच बोलले, मग हिंदीत सांगितलं, "मराठी मैं भी हूँ. और कैटरर भी."

"हाँ हाँ, बिलकुल," ती म्हणाली. पण मराठीचा खण भरलेला होता आणि मी तिच्या डोक्यात दुसऱ्याच खणात जाऊन बसले होते.

मी लगेच नकार दिला असं कोणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. विजया पडद्यावर दिसणार आणि मी दिसणार नाही, या विचारानं माझा जळफळाट होत होता. सिनेमात यायला मिळतंय ना, मग कुठून का होईना, असंही वाटलं. जांभळी साडी नेसून मी आरशासमोर उभी राहिले आणि म्हणून पाहिलं, "बचपन में जब बुंदी आती थी..." वाक्य चांगलं जमत होतं. बुंदीची आठवण तर खरीच होती. फक्त बाबांनी टोपलं परत पाठवलं तो भाग मला त्यात कुठे घालता येईना. नंदिनीला मी म्हटलं, सांगते.

विजयाकडे एका साक्षगंधाची ऑर्डर होती, तिथे शूटिंग ठरलं. तिला मोठे गंज कमी पडत होते, म्हणून तिनं माझे मागितले होते. ते पोचवायला म्हणून मी सकाळीच गेले आणि स्वयंपाक होईपर्यंत तिथेच रेंगाळले. खरं तर बिसाहूला पाठवता आलं असतं, पण मला बघायचं होतं. विजया नऊवारीत होती. तिची आई मला चांगली माहीत होती, ती जन्मभर पाचवारीत वावरली. पण दिसत मात्र होती विजया सुंदर, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, आणि समोर माझे गंज.

नंदिनीनं कॅमेरा सुरू ठेवून विचारलं, "आपके यहाँ खाना बर्बाद न हो, इसके लिए कोई पुरानी परंपरा है?"

विजयानं समोरच्या गंजांकडे पाहिलं. मग हसली आणि म्हणाली, "हमारे मराठी लोगों में परंपरा है, जो काम करता है उसका खाना सबसे पहले निकलता है. बाद में मेहमान."

माझी कानशिलं तापली. कुठल्या मराठी लोकांत? कुठली परंपरा? ती परंपरा म्हणजे एका माणसानं परत पाठवलेलं एक टोपलं, आणि तो माणूस माझा बाप. ती हे असं सहज बोलली, आणि बोलली इतकं छान, की मीच तिच्या जागी असते तर मला जमलं नसतं. याचाही मला राग आला.

नंदिनी म्हणाली, "करके दिखाइए."

आता विजयाची पंचाईत झाली. तिनं हे कधी केलेलंच नव्हतं. ती काउंटरकडे गेली आणि सजवून ठेवलेल्या भाजीतून, वरची कोथिंबीर हलकेच बाजूला सारत, वाढायच्या डावानं भाजी काढू लागली. डावभर! काम करणाऱ्या माणसांसाठी काउंटरवरची डावभर भाजी! होऊ द्यावं तिचं हसं, होऊ द्यावी फजिती, असं माझ्या मनात आलं. पण ते मला बघवेना.

"अवं, तसं नाही व!" म्हणत मी मध्ये घुसले, तिच्या हातून डाव घेऊन बाजूला टाकला आणि मोठा झारा उचलला. भाताच्या गंजात मधोमध घातला, खालून वर, वाफेसकट. भाजीच्या फोडी झाऱ्यानं धरून आधी काढल्या, मग रस्सा. गोड वाटीत ओतलं ते काठाला टेकेपर्यंत. मला कॅमेऱ्याचं भानच नव्हतं. कॅमेरावाला खाली बसून माझ्या हातांपाशी आला होता, ते नंतर कळलं. डाव्या मनगटावर माझ्या फोडणीचा जुना डाग आहे, तोही त्यानं टिपला.

"दीदी, क्या शॉट मिला है!" नंदिनी म्हणाली.

मी म्हटलं, "तो मुझसे ही पूछो ना. ये मेरा काम है."

ती अवघडली. "वो पॉइंट विजया जी से कवर हो गया, दीदी. आपसे वो दूसरी बात चाहिए." तिथे उभ्याउभ्या मी तिला बाबांची गोष्ट सांगितली, टोपलं परत गेलं त्यासकट. ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "बहुत स्ट्राँग है. पर इससे लोग बाँटना बंद कर देंगे, दीदी."

"मग मी नाही येत," मी म्हणाले. "गाडी बीरगावला आण, ज्याले पाहिजे तो घेईल. मी नाही घेणार." तिला मराठी किती कळलं कोण जाणे, पण नाही एवढं कळलं.

परतताना विजया माझ्या टेम्पोपर्यंत आली. "मले वेळेवर काहीच सुचलं नाही व. तुह्यंच आठवलं, बोलून टाकलं."

"चांगलं बोलली," मी म्हणाले. खरंच चांगलं बोलली होती.

सिनेमा नव्या रायपुरात दाखवला. आयोजकांनी पडद्यावर नाही तरी जेवणाला मला बोलावलं. त्या दिवसाचं कॅटरिंग माझं होतं. नेहमीसारखं भरपूर सांगितलं होतं आणि नेहमीसारखा हॉल अर्धा भरला होता. मी कामाचे कपडे घालून मागच्या दारापाशी उभं राहून सिनेमा पाहिला. जांभळी साडी घरीच होती.

सिनेमा चांगला होता, खोटं कशाला बोलू. सरदारजी छान बोलले, बासी खाणारी म्हातारी तर फारच गोड. मग विजया आली, नथ, चंद्रकोर, हसू. तिचा आवाज सुरू राहिला, "जो काम करता है उसका खाना सबसे पहले निकलता है," आणि पडद्यावर दोन हात आले. सावळे, जाड बोटांचे, मनगटावर डाग असलेले. पडदाभर. झारा भातात शिरला, वाफ उठली, गोडाची वाटी भरत काठाला टेकली, आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्यापुढच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "हाथ देखो, कितनी मेहनत की है बेचारी ने." तिच्या लेखी ते हात विजयाचे होते.

माझे हात सिनेमात गेले होते आणि मी दारात उभी होते. स्वतःच्याच हातांचा हेवा वाटणारी बाई दुसरी कुठे असेल असं मला वाटत नाही.

पुढे बीरगाव आलं. गाडीसमोर रांग होती आणि माझ्यासाठी ठरलेल्या जागी आमच्या मागच्या गल्लीतली एक बाई पाकीट घेऊन कॅमेऱ्याकडे हात जोडत होती. तिला मी ओळखते. त्या सगळ्या सिनेमात तेवढ्या एकाच जागेचा मला हेवा वाटला नाही.

नंतर प्रश्नोत्तरं झाली. कोणीतरी उठून विजयाजींच्या हातांचं कौतुक केलं. विजयानं माइक घेतला. "वो हाथ मेरे नहीं हैं," ती म्हणाली. "शशी के हैं. वो पीछे खड़ी है. और वो बात भी उसी की है, मराठी लोगों की नहीं, उसके बाबूजी की. मैंने तो बस बोल दी."

सगळे मागे वळले. माझ्या हातात पापडांचं टोपलं होतं, नमस्कार करता येईना. पुन्हा टाळ्या झाल्या, मघापेक्षा जोरात. मी पाहत होते, लोक माझ्याकडे एकदा बघून पुन्हा तिच्याकडे वळले आणि टाळ्या तिच्याकडे बघत वाजवत राहिले. काय मन आहे बाईचं, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. तिनं माझं मला परत दिलं होतं, भर सभेत, आणि त्याचाही मोठेपणा तिच्याकडेच गेला. पापडांचं टोपलं मी काउंटरवर नेऊन ठेवलं. मनात आभार होते की राग, ते मला आजही सांगता येणार नाही.

जेवणं सुरू झाली. आमच्या लोकांचं आधीच काढून झालं होतं आणि ते जेवूनही झाले होते. झाकणाखाली एक ताट तेवढं राहिलं होतं. नथ काढून पदरात बांधत विजया मागच्या दारानं आत आली, जशी डब्यांच्या दिवसांत यायची.

"शशे, माह्यं काढून ठेवलं का व?"

काढलं होतं. सकाळीच काढलं होतं, पाहुण्यांच्या आधी, भात मधला, भाजी फोडींसकट. ताट मी तिच्या हातात दिलं. तिनं ते पाहिलं.

"खीर अर्धीच काहून?"

"संपली," मी म्हणाले.

माझ्या पाठीमागे खिरीचा गंज जवळजवळ भरलेला होता. अर्ध्या हॉलची खीर होती ती, जाणार कुठे? बिसाहू झारा हातात धरून खाली बघत उभा राहिला. विजयानं माझ्या खांद्यावरून त्या गंजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"संपली तर संपली," ती म्हणाली आणि तिथेच उलट्या टोपल्यावर बसून जेवली. शेवटी वाटी घेतली, खीर प्यायली, आणि बोटानं वाटी आतून पुसून ते बोटही चाटलं. मी उगाच पापड मोजल्यासारखं करत होते. तिनं वाटी परत माझ्या हातात दिली, तेव्हा ती इतकी स्वच्छ होती की घासायची गरज नव्हती.